मागील पानावरून

व्हर्डेरा गावच्या लायब्ररीत, तळघरात,
दर बुधवारी दोन ते पाच
मी एका मेलेल्या माणसाच्या वह्या लावते.
पगार नाही. कॉफी मिळते.
वरुडला वडिलांच्या अडतीत कीर्द लिहिलेला हात
अजून रिकामा बसत नाही.

वर दारात त्याचा अर्धपुतळा आहे.
अल्फियस स्टिल्सन क्विंबी: संत्रा व्यापारी,
कालवा कंपनीचा अध्यक्ष, दोनदा नगराध्यक्ष,
त्यातला एकदा सात मतांनी.
मिशीवर कबुतरांची मेहेरबानी.

खाली, वह्यांत, तो वेगळा भेटतो.
१८८४. आयोवाहून खोकत आला,
डॉक्टरनं कोरडी हवा सांगितली होती.
खिळे विकले, काटेरी तार विकली,
पहिला हिवाळा दुकानाच्या फळीवर काढला.
कांबळं एक, सव्वा डॉलर, नावे: स्वतः.

मग पाणी. डोंगरातून अकरा मैल
पाटानं आणलेलं, शेअरवर वाटलेलं.
आणि ते बेंबीचं संत्रं, ज्याला बी नसतं,
कलमावर कलम, एका झाडाचं सगळं गाव.
त्याला मूल नव्हतं. हे वहीत नाही,
रोझॅलिंड सांगते, कॉफी ओतताना.

आमच्याकडे बहारासाठी झाडांना ताण देतात,
महिनाभर पाणी तोडतात.
कालव्याच्या हिशेबात तोच शब्द मला दिसला
खालच्या अंगाच्या तीन मेक्सिकन मळ्यांपुढे:
वसुली थकली, पाणी बंद.
तिथे बहार आल्याची नोंद नाही.

पण १९१३ चा जानेवारीही आहे.
पारा कोसळला. रात्रभर बागांतून
तेलाची भांडी धुमसत राहिली,
झाडांवर धुराची गोधडी.
सकाळी दोरीवरची धुणी काळी, पाद्र्याचं नाक काळं.
सगळ्या गावानं तेल नेलं ते त्याच्याच दुकानातून.
त्या तारखेला वहीत एक ओळ नाही.
नुसता काजळीचा अंगठा.

इथवर आले तेव्हा
पुतळ्याशी माझं जमायला लागलं होतं.

मग उलट्या क्रमानं सापडलेली १८९३ ची वही.
वोंग सुई, पॅकिंगचा मुकादम,
ज्यानं शाळा सोडलेल्या पोरींना शिकवलं
संत्रं पातळ कागदात कसं निजवायचं,
पीळ खाली, देठाला धक्का न लावता.
ऑगस्टात एका रात्री मशाली आल्या.
पहाटेपर्यंत चिनी वस्ती रिकामी.
क्विंबी काय करत होता?
लिहिलंय त्यानं: दुकान लवकर बंद केले.
खाली: वोंग सुई, मजुरी, देणे २७ डॉलर.

पुढच्या सालात पुन्हा तेच नाव.
मागील पानावरून.
दसादशे सहा, चक्रवाढ.
बँक निघाली, लायब्ररीला जागा दिली,
बायको गेली, शाई निळीची काळी झाली,
सहाचा आकडा थरथरायला लागला,
आणि दर नव्या वहीत वोंग सुई
पहिल्या पानावर, रांगेत, हजर.
खोडलं नाही. फेडलंही नाही.
शोधलं का? सॅन फ्रान्सिस्कोला टपाल,
दोन सेंट. एकदाच.

१९२१. एकशे अडतीस डॉलर, दोन सेंट.
त्यापुढे पुतण्याचं ठसठशीत अक्षर:
बुडीत खाती वर्ग.

वडील असते तर वही त्याच्या पुढ्यात आपटली असती.
बुडतं ते येणं, गाढवा.
देणं कसं बुडेल?

पाच वाजले. रोझॅलिंड किल्ल्या वाजवते.
बाहेर पार्किंगमध्ये उरलेल्या एकुलत्या झाडाखाली
संत्री पडून आहेत, गाड्या त्यांच्यावरून जातात.

जुन्या कागदांना हात लावायचा नसतो,
मोजे घालून पानं उलटायची, हा नियम.
मी मोजे काढले, पेन्सिल घेतली,
समासात अगदी फिकं लिहिलं:
१९२२. एकशे सेहेचाळीस, तीस.
पुढची सालं पुढच्या बुधवारी.